उरलेला गाल

“श्वास घे, पण हलू नकोस,” हे आमच्या लेकीला, निंगव्वाला सांगायचे. ते अजून माझ्या कानात आहे.

आम्ही बाळीवेशीत राहतो. हे चादरीच्या कारखान्यात नक्षीची कार्डं पाडतात. पुठ्ठ्याला भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. नुसत्या भोकांतून मोर उमटतो. यांच्या मनानं घेतलं, आडवं, उभं आणि खोल असे तीन आकडे धरले तर माणूसही कार्डावर उतरेल. म्हणून मागच्या खोलीत लेकीला लाकडी चौकटीखाली स्टुलावर बसवत. तिचं डोकं चौकटीपर्यंत पुरावं म्हणून स्टुलावर पाट. विणायची सुई गालाला टेकवायची, आकडे घ्यायचे, कार्डाला भोकं पाडायची आणि पडताळ्याला तेवढ्याच खोलीवर दोऱ्यानं काचेचा मणी टांगायचा. जवळून नुसते मणी. दारातून पाहिलं की निंगव्वाचा डावा गाल.

“अव्वा, सुई लई गार लागते,” ती एकदा मला म्हणाली. “मी कंटाळले तर माझ्या जागी तू बसशील?”

“बसेन की.”

उजवी बाजू तशीच राहिली. बहात्तरच्या दुष्काळात तापानं पोर गेली.

लिंगपूजा होईपर्यंत माझं मौन असतं. एका सकाळी यांनी विचारलं, चौकटीतला उजवीकडचा नवा मणी तू टांगलास का. मी नाही म्हणून मान हलवली. मला वाटलेलं, यांनीच. मग रोज एखादा वाढू लागला. मी खोलीला कुलूप घालून किल्ली पदराला बांधली, तरी वाढला. पूजेला मी तळहातावर इष्टलिंग घेऊन बसले की उजव्या गालाला काहीतरी गार टेकायचं.

यांनी नव्या मण्यांची खोली मोजून पाहिली. मग माझ्या उजव्या गालाकडे पाहिलं.

“हा गाल पोरीचा न्हाय, दाक्षायणी. हाड मोठ्या बाईचं हाय.”

मण्यांचे दोरे कापायला ते कात्री घेऊन आले. मी चौकटीपुढे उभी राहिले.

“तिला अर्धी ठेवू नका.”

त्यांनी कात्री ठेवली. तेव्हापासून ते माझ्या उजव्या बाजूला बसत नाहीत.

तोंड धुताना त्या गालाला पाणी लागलेलं आता कळत नाही. चौकटीत उजवा डोळा तेवढा व्हायचा राहिलाय.

आज पूजा आटोपली. हे भोंग्याला कामावर गेले. त्यांची भाकरी झाकून ठेवली, समईची वात सारली आणि कुलूप काढलं.

स्टुलावरचा पाट कुणीतरी काढून भिंतीला उभा केला होता.

पदर सारखा करून मी स्टुलावर बसले.