काश्यपगोत्री

सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वतंत्र देवघर नाही. स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडील खिडकीशी एक फडताळ आहे. त्यात देव, ताम्हन, पळी-पंचपात्र आणि काळ्या तिळांची एक लहान बरणी. पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर मी कन्येकडे येऊन राहिलो, आणि शुभदा, माझी पत्नी, येथेच निवर्तली. तेव्हापासून दर अमावास्येला मी त्या खिडकीशी बसून तर्पण करतो. खालून एमआरटीच्या गाड्यांचा आवाज येत राहतो. त्याचे मला काही वाटत नाही. पितरांनाही वाटत नसावे.

कन्येचे नाव क्षिप्रा. ती अविवाहित आहे, जहाजांच्या विम्याचे काम पाहते. लहानपणी सायकलवरून पडल्यामुळे तिचे उजवे पाऊल किंचित बाहेर वळून पडते. स्नान करून आली की फरशीवर ओल्या पावलांची ओळ उमटे. डावे सरळ, उजवे तिरपे. शुभदा ती पुसताना म्हणे, "घरात शंभर माणसं वावरली तरी माझ्या लेकीचं पाऊल मला कळेल."

गेल्या भाद्रपदात क्षिप्राच्या कंपनीची परिषद ग्रीसमधील कालिम्नोस बेटावर भरणार होती. "तुम्हांला इथे एकटं ठेवलं तर मला तिथे झोप लागायची नाही," ती म्हणाली. सर्वपित्री अमावास्या त्याच दिवसांत येत होती, म्हणून मी तिळांची पुडी सोबत घेतली.

"बाबा, कस्टमवाल्यानं विचारलं हे काळं काय आहे, तर काय सांगू? ड्रग्ज नाहीत, पितर आहेत?"

"खरे तेच सांगावे."

"म्हणजे आपण दोघं आत!"

ती हसली. ते हसू मला नीट आठवते.

अथेन्सहून लहान विमानाने आम्ही कोसला उतरलो आणि तेथून फेरीने कालिम्नोसला गेलो. पोथिया हे तेथील बंदराचे गाव. उघड्याबोडक्या करड्या डोंगरांच्या कुशीत निळी, पिवळी, पांढरी घरे एकावर एक चढत गेलेली. पाणी इतके नितळ, की नांगरलेल्या होड्यांच्या सावल्या तळावर स्पष्ट दिसत. परिषद धक्क्यावरच्या एका हॉटेलात होती. क्षिप्रा सभागृहात गेली की मी काठी घेऊन गाव पाहायला निघे.

पहिल्या सकाळी मी इरिनीच्या दुकानात शिरलो. छपरापासून स्पंजांच्या माळा लोंबत होत्या आणि दुकानभर खारट, किंचित जुनाट असा वास कोंदला होता. इरिनी साठीची असावी. तिच्या घराण्यातील पुरुष पिढ्यानपिढ्या स्पंज काढायला समुद्रात उतरत, हे तिने इंग्रजीत सांगितले.

"दिवसभर काही खायचे नाहीत," ती म्हणाली. "पाणीसुद्धा नाही. रिकाम्या पोटी उतरायचं, संध्याकाळी वर आलं की प्यायचं."

"आणि जे वर येत नसत?"

तिने हातातला स्पंज फळीवर ठेवला. "ते राहिले तसेच. तहानलेले."

दुसरा दिवस अमावास्येचा होता. मध्यान्हीच्या सुमारास मला गावाच्या टोकाशी एक निर्जन जागा सापडली. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. शेवाळलेल्या, मधोमध झिजलेल्या. आपल्याकडचा नदीचा घाट असावा तशा. मी दर्भाचे पवित्रक बोटात घातले, जानवे अपसव्य केले, आणि हॉटेलातून बाटलीत आणलेले गोडे पाणी पंचपात्रात ओतले. पितरांचे आवाहन केले. आईवडिलांना, आजोबा-पणजोबांना, शुभदेला उदक दिले. शेवटी, ज्यांना कोणी नाही त्यांना.

तेथे थांबायला हवे होते. परंतु इरिनीचे शब्द मनातून जाईनात. या पाण्यात उतरून वर न आलेल्यांनाही ओंजळभर पाणी मिळावे, असे वाटले. त्यांची नावे मला ठाऊक नव्हती. गोत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याचे गोत्र अज्ञात, त्याचे गोत्र काश्यप म्हणावे, असा शास्त्राचा दंडक आहे. आमच्या घराण्याचे गोत्रही काश्यपच. मी त्यांना काश्यपगोत्री म्हणून हाक घातली आणि तिलोदक सोडले.

पाणी दगडावर पडताच नाहीसे होई. ऊन कडक होते, दगड तापलेला होता. मी पुन्हा सोडले. पुन्हा तेच. बाटली संपली तेव्हाही पायरीवर ओल म्हणून नव्हती.

"बाबा!" वरच्या रस्त्यावरून क्षिप्राने हाक मारली. "चला लवकर, ग्रुप फोटो आहे! सगळे खोळंबलेत!"

मी लगबगीने पंचपात्र पिशवीत टाकले आणि उठलो. अर्ध्या वाटेत स्मरले, की विसर्जन राहिले. ज्यांना बोलावले, त्यांना 'आता स्वस्थानी जावे' असे म्हणायचे राहिले. मी थबकून मागे पाहिले. समुद्र शांत होता. सायंकाळी मनातल्या मनात म्हणू, असा विचार करून मी क्षिप्राच्या मागे चालू लागलो.

संध्याकाळी आम्ही धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसलो. त्या देशात गिऱ्हाईक बसले की न मागता प्रत्येकापुढे पाण्याचा पेला ठेवतात. वेटरने आम्हां दोघांपुढे पेले ठेवले. मग तो आत गेला आणि आणखी पेले घेऊन आला. टेबलाच्या कडेने एकेक ठेवत गेला. टेबल भरले तेव्हा शेजारचे ओढून जोडले.

"आम्ही दोघेच आहोत," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले, मग टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्च्यांकडे. तो मागे सरला.

"काय मस्त हॉस्पिटॅलिटी आहे ना?" क्षिप्रा म्हणाली, आणि समोरचा पेला एका दमात रिकामा केला. मग दुसरा. मग तिसरा. "काय तहान लागलीये आज. एसीमुळे असेल."

तसेच असेल, असे मीही म्हटले. लांबचा प्रवास, कोरडी हवा. त्या सायंकाळी मी मनात विसर्जन म्हणून पाहिले. पण शब्द ओठांशी येत आणि पुढे सरकत नसत. जेथे आवाहन, तेथेच विसर्जन. हे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी क्षिप्राचे भाषण होते. मी मागच्या रांगेत बसलो. ती चांगले बोलत होती. मधेच ती पेला उचलून पाणी प्यायली. मग तिने शेजारच्या वक्त्याचा पेला उचलला, मग त्याच्या पलीकडचा. सभागृहात हशा पिकला. तीही हसली, परंतु हात थांबला नाही. व्यासपीठावरचे सर्व पेले रिते झाले तेव्हा ती कागद न उचलताच खाली उतरली.

"काय झाले, बाळ?"

"काही नाही बाबा. वर फार गरम होतंय."

"वर?"

ती सभागृहाच्या दाराकडे निघालीसुद्धा.

दुपारी ती पोहायला गेली. सिंगापूरला कॉन्डोतल्या मैत्रिणीकडेसुद्धा ती पोहण्याच्या तलावाच्या काठावर पाय सोडून बसे. डोके पाण्याखाली गेले की घाबरे. मी तर्पणाच्या त्या पायऱ्यांशी पोहोचलो तेव्हा तिची चप्पल वरच्या पायरीवर होती आणि पाण्यावर कोणी नव्हते. मी हाका मारल्या. पुष्कळ वेळाने ती वर आली. धापा टाकत नव्हती.

"खाली किती थंड आहे, बाबा," ती म्हणाली. "आणि सगळे किती चांगले आहेत."

"कोण सगळे?"

"असं काय करता? आपलेच."

मी तिला हाताला धरून वर आणले. वाटेत इरिनी दुकानाच्या दारात उभी होती. तिने आम्हांला जाताना पाहिले आणि आम्ही पुढे गेल्यावरही ती तशीच पाहत राहिली, एखादी लांबलचक मिरवणूक जात असावी तशी. शेवटी तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि दार लावून घेतले.

त्याच क्षणी मी ठरविले, की विसर्जन केल्याखेरीज हे बेट सोडायचे नाही. मला दुसरे काही नको होते. माझी मुलगी जशी आणली तशी घरी न्यायची होती.

निघण्याच्या दिवशी मध्यान्ही मी क्षिप्राला सामानासह धक्क्यावर बसवले. तिच्या हाती पाण्याच्या बाटल्या दिल्या. "येथून हलू नकोस," म्हणालो.

"नाही हलत. तुम्ही लवकर या."

पायऱ्यांवर वारा नव्हता. शेष राहिलेले तीळ ओंजळीत घेऊन मी दक्षिणेकडे तोंड केले. कोणाकोणाची नावे घ्यावी? नावे ठाऊक असती तर प्रश्न नव्हता. मी डोळे मिटले आणि म्हणालो: काश्यप गोत्राचे जे जे माझ्यासवे या तीरावर आले आहेत, त्या सर्वांनी तृप्त होऊन आता येथून जावे.

या वेळी शब्द अडले नाहीत.

पाठीमागे, वरच्या पायरीवर, ओले पाऊल पडल्यासारखा आवाज झाला. मग आणखी एक. माझ्या दोन्ही अंगांनी गार हवा उतरू लागली. मी डोळे उघडले नाहीत. विसर्जनाच्या वेळी पाहू नये.

बराच काळ ते चालले.

मग सारे शांत झाले. मी डोळे उघडले. पायऱ्यांवर ओली पावले होती, सर्व खाली जाणारी. रुंद, फताडी, बोटे फाकलेली, पुरुषांची पावले. उन्हात ती सुकत होती.

सर्वांत शेवटी उमटलेली एकच ओळ अजून ओली होती. लहान पावले. डावे सरळ.

उजवे तिरपे.

काश्यप गोत्राचे जे जे माझ्यासवे आले. सिंगापूरहून माझ्यासवे कोण आले होते?

"क्षिप्रा!" मी पाण्याकडे पाहून ओरडलो. "क्षिप्रा!"

"आले, बाबा."

आवाज मागून आला. ती वरच्या रस्त्यावर उभी होती. केसांतून पाणी निथळत होते.

"फेरी लागलीये," ती म्हणाली. "चला ना घरी."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. माझ्याच मुलीचा चेहरा होता. मग ती वळून चालू लागली, आणि मी तिच्या पावलांकडे पाहिले.

दोन्ही सरळ पडत होती.

आता आम्ही क्वीन्सटाउनला आहोत. ती वेळेवर ऑफिसला जाते, सायंकाळी परतते. मराठी नीट बोलते. तिच्या मैत्रिणी म्हणतात, क्षिप्राची चाल कशी छान सुधारली. शुभदेचा फोटो पाहून एकदा तिने विचारले, "या कोण?" आणि लगेच म्हणाली, "थट्टा केली, बाबा."

मला विसर्जन येते. तेच शब्द, तोच विधी. तीर मात्र दूर आहे. पण हिला निरोप दिला, तर माझी गेलेली मुलगी परत येईल याला शास्त्रात आधार मिळत नाही. मी सारे ग्रंथ पाहिले. मग या घरात कोणीच उरणार नाही.

काल अमावास्या होती. मी खिडकीशी बसून पळी उचलली, तोच ती स्वयंपाकघरात आली. पूर्वी ती माझ्या तर्पणाच्या वेळी कानाला हेडफोन लावून कॉफी करीत असे. काल ती माझ्यासमोर फरशीवर बसली आणि ताम्हनावर दोन्ही हातांची ओंजळ धरली.

"पाणी द्या ना, बाबा."

मी दिले. पळीमागून पळी, पंचपात्र रिकामे होईपर्यंत. नाव घेतले नाही. कोणते घ्यावे ते कळेना.

नंतर पुसायला ताम्हन उचलले. ते कोरडे होते.