सात नंबरचा रतीब

लेक आनंदी पाळणाघरात दूध पीत नाही, एवढ्याशा गोष्टीने सुरुचीची झोप उडाली होती. नवरा म्हणाला, भूक लागली की पिईल, आणि कुशीवर वळून घोरायला लागला. सुरुची मात्र पहाटेपर्यंत छताकडे बघत राहिली. दूध नासकं देत असतील का, पेला नीट विसळत नसतील का, की आई रोज टाकून जाते म्हणून पोरीने राग धरलाय... तीन वर्षांचं पोर राग धरतं का, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुस्तकं तिने सगळी वाचली होती, त्याचा उपयोग काय झाला ते देव जाणे.

सकाळी धायरीत विमलाबाईंच्या पाळणाघरात लेकीला सोडून ती वारज्याला आली. बाळंतपणानंतर तीन वर्षांनी कंपनीने तिला परत घेतलं होतं ते एका अटीवर: नेटवर्कचं हे प्रशिक्षण पुरं करायचं. आज शेवटचं प्रात्यक्षिक. जमलं तर नोकरी, नाही तर घर.

वर्ग एका दुकानांच्या इमारतीच्या तळघरात भरायचा. खिडकी नाही, वारा नाही. भर दुपारीसुद्धा ट्यूबलाइट आणि यंत्रांची एकसुरी घरघर. शिकवणारे यज्ञेश्वर सर सदाशिव पेठेतले. कौतुकावर सरकारने कर लावला असावा, अशा बेताने ते बोलत. मल्टिकास्ट, म्हणजे एकच व्हिडिओ एकाच वेळी अनेक यंत्रांना पाठवणं, त्यांनी दुधाच्या रतिबाच्या उदाहरणावर आटोपलं होतं. लाउडस्पीकरसारखं अख्ख्या आळीला ऐकवायचं नाही. ज्याने मागितलं त्याच्याच दारात ओतायचं, आणि वाटप करणाऱ्या यंत्राने, राउटरने, अधूनमधून विचारायचं, कोणी आहे का? उत्तर आलं नाही की रतीब बंद. शिवाय एक ताकीद होती: चाचणीला घरचा व्हिडिओ आणायचा नाही. का, ते सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, लोकांची लग्नं बघून सर विटले असतील.

नेमकी वर्गातली सीडी त्या दुपारी अडकायला लागली. सुरुचीच्या पर्समध्ये आनंदीच्या वाढदिवसाची सीडी होती. तिने आजूबाजूला बघितलं आणि तीच घातली. गालभर क्रीम माखलेली आनंदी पडद्यावर हसायला लागली. आता ती समोरच्या मशीनवर दिसायला हवी होती. तिथे वर्ध्याचा अभिनव बसला होता. त्याची केबल राउटरच्या सहा नंबरच्या पोर्टात. त्याच्या पडद्यावर काळोखच.

मग सुरुचीने ती पळवाट काढली, जी प्रत्येक शिकाऊ माणूस एकदा काढतोच. कोणी आहे का ते विचारायचंच नाही, नुसतं ओतत राहायचं, अशी पक्की आज्ञा राउटरला देऊन टाकली. घाईत सहाऐवजी सात टाइप झालं. सात नंबरच्या जागी कोणीच बसत नसे, तिथली खुर्ची मोडकी होती.

सातचा हिरवा दिवा लागला.

आधी वास आला. बंद घराच्या दारात उन्हाळाभर राहिलेल्या दुधाचा वास. आंबट, जड, जिभेवर बसणारा.

"मॅडम, डब्यात काही नासलं का जी?" अभिनवने नाक दाबून विचारलं.

आपली चूक लक्षात येऊन सुरुचीने आज्ञा काढून टाकली. आता राउटर विचारणार, उत्तर येणार नाही, संपलं. राउटरने विचारलं. पडद्यावर ओळ उमटली: सात नंबर हजर.

सर मागे येऊन उभे राहिले. जुनी नोंद असेल, म्हणाले, जाईल आपोआप. हे काही मंगल कार्यालय नाही, पाहुणे रेंगाळायला. तिघंही वाट बघत राहिले. जुनी नोंद हळूहळू शिळी होत जाते. ही दर विचारण्याला ताजी होत होती. हजर... हजर...

अभिनवने टेबलाखाली हात घालून सातच्या पोर्टातून निघालेली केबल बाहेर ओढली. तिचं दुसरं टोक कशातच लावलेलं नव्हतं. ते ओलं होतं. प्लॅस्टिकवर पिवळी, सुरकुतलेली साय जमली होती, तिच्यात एक लांब पांढरा केस अडकलेला, आणि कडा चावून चावून बोथट झालेल्या. कोणीतरी ते टोक चोखत बसलं होतं. अभिनवने बोट मागे घेतलं तशी एक चिकट तार लांबत गेली.

सुरुचीला लहानपणापासून चहावरची सायही बघवत नसे. तिच्या तोंडात कडू पाणी आलं. ते तिने कसंबसं गिळलं, आणि गिळल्याचीच तिला जास्त किळस आली.

सरांनी आत्ता कुठे तिच्या पडद्याकडे नीट बघितलं.

"ही... कोण?"

"माझी मुलगी, सर."

"बंद करा," सर अगदी हळू म्हणाले. "पोर्टही बंद करा..."

तिने बंद केलं. दिवा विझला. केबलच्या टोकावर सायीत एक बुडबुडा फुगला आणि फुटला.

सरांनी तिला उत्तीर्ण केलं. एकही टोमणा मारला नाही, याचीच तिला भीती वाटली. आता परत नाही ना होणार, तिने विचारलं. रतीब तुटला की गिऱ्हाईक उठून जातं, एवढंच ते म्हणाले. कुठे, ते विचारायचं धाडस तिला झालं नाही. जिना चढताना तिने साडीच्या पदराने तीनदा तोंड पुसलं.

धायरीला पोचली तेव्हा विमलाबाई दारातच हसत उभ्या होत्या. "आज बघा, पेला रिकामा केलाय पोरीने. तुम्ही उगाच जीव टांगणीला लावता."

सुरुचीला रडूच फुटायचं बाकी राहिलं. आत सतरंजीवर आनंदी बसली होती, शेजारी पेला. सुरुचीने तिला पोटाशी धरलं, पापे घेतले, शहाणी गं माझी ती, म्हणाली, आणि पेला उचलायला वाकली. तोच वास. काठावर पिवळी साय वाळत होती, आणि सायीत एक लांब पांढरा केस. विमलाबाईंचे केस मेंदीने लाल होते.

"आनू... दूध तूच प्यायलीस ना गं?"

आनंदीने आईच्या खांद्यावरून मागच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि तिच्या कानाशी तोंड आणलं.

"मी नाही. त्या आजोबांनी प्यायलं. तू तिकडचं बंद केलंस ना."