नसलेल्या पायाची सूज

मर्ल ड्रेक वारल्याला नऊ दिवस झाले होते, आणि त्याचा उजवा घोटा कागदावर अजून दुखतच होता.

ओहायोतल्या त्या दवाखान्यात लॉर्ना प्रुइट एकोणीस वर्षं एकच काम करत होती. डॉक्टरांची नोंद वाचायची, विम्याच्या बिलासाठी दुखण्याला आकड्यांचा कोड द्यायचा. रोगी तिला कधी दिसायचा नाही. मर्लची ऑगस्टमधली शेवटची नोंद तिनं उघडली. ‘बर्फावर घसरला. उजव्या घोट्याच्या सांध्यात दुखणं. सूज. घोटा सगळीकडे वळतो.’

उजवा घोटा, म्हणजे कोडचा शेवटचा आकडा एक. सवयीनं तिनं मर्लचे जुने कोड चाळले. मर्लचा उजवा पाय दोन वर्षांपूर्वीच गुडघ्याखाली कापला होता.

मर्ल गेला डाव्या घोट्यातला पू रक्तात भिनून. आळ आला टेसावर. ही नर्स गेल्याच वर्षी लागलेली. दुपारी चौकशी होती.

“नोंद तू केलीस?” लॉर्नानं विचारलं.

“देवाशप्पथ नाही! मी फक्त ताप लिहिला, एकशे दोन. डॉक्टर होल्कमना सांगितलंही. आता ते म्हणतात, त्यांचा पासवर्ड मला ठाऊक होता, तपासणीची नोंद मीच ठोकून दिली. लॉर्ना, लायसन गेलं तर मी संपले गं!”

लॉर्नानं नेहमीसारखी डॉक्टरांना खुलाशाची चिठ्ठी पाठवली. ‘पाय कोणता? तपासला कोणी?’ अशा चिठ्ठ्या डॉक्टरांकडे दिवसाला वीस जायच्या. दोन मिनिटांत उत्तर आलं.

दुपारी चौकशीत लॉर्नानं कापलेल्या पायाचं काढलं, तसे होल्कम हसले. “लॉर्ना, तू आकडे घाल, डॉक्टरकी आम्ही करतो. कापलेला पायही दुखतो, बाई.”

“दुखतो, डॉक्टर. पण सुजत नाही. वळत तर नाहीच नाही.”

लॉर्नानं मर्लची जुनी नोंद पुढे ठेवली.

“आणि ऑगस्टात बर्फ कुठला? हीच नोंद, शब्दन् शब्द, तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आहे. तेव्हा मर्लला दोन्ही पाय होते. जुनी नोंद पुढे ओढायची, तारीख बदलायची. तुम्ही सगळेच करता.”

“मग टेसानं ओढली असेल!”

“तेच तर सकाळी चिठ्ठीत विचारलं.” तिनं कागद पुढे सरकवला. “तुमचं उत्तर, तुमची सही. ‘उजवा. मी स्वतः तपासला.’ रोगी कोण ते न पाहताच दिलंत ना? मर्ललाही असंच उरकलंत.”

टेसा तोंडावर हात दाबून रडायला लागली. होल्कमनी कागद दोनदा वाचला.

“त्या दिवशी चाळीस रोगी होते,” ते पुटपुटले.

“आणि डावा पाय?” लॉर्नानं विचारलं. “तो तरी पाहिलात?”

होल्कमनी कागद खाली ठेवला.

“मर्ल म्हणत होता, डॉक्टर, जरा बघा ना. मी त्याचा मोजाच काढला नाही.”