घरातली मुलगी काढून टाका

ही गोष्ट खरी आहे.

ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, माझा आग्रह नाही. पण माझ्या दादाला खोटं बोलता येत नाही. लहानपणी बरणीतली साखर चोरून खायचा आणि मग स्वतःच आईसमोर जाऊन रडायचा. अशा माणसाने जे सांगितलं, तेच मी सांगतेय.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. शनिवारची दुपार, तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, आणि त्यातली मागची खोली.

दादा व्हिडिओ गेमचा समीक्षक. गेम बाजारात यायच्या आधी कंपनी त्याला पाठवते. तो खेळतो, वेबसाइटवर लिहितो आणि दहापैकी मार्क देतो. "खेळून पोट भरतो लेकाचा," म्हणून सगळे नातेवाईक त्याच्यावर जळायचे. मीसुद्धा.

मागच्या खोलीचे पडदे कायम बंद, कारण स्क्रीनवर उजेड पडतो. वहिनी दवाखान्याच्या लॅबमध्ये, ती संध्याकाळीच यायची. सुट्टीच्या दिवशी घरात दोघंच. दादा आणि त्याची पहिलीतली मुलगी. तिला तो चिमणी म्हणायचा.

चिमणीला मागच्या खोलीत यायला बंदी होती. गेम भीतीदायक असायचे, पोर घाबरायची. मग ती दाराबाहेर फरशीवर बसून चित्रं काढायची. एका पायात मोजा, दुसरा कुठे गेला ते तिलाही माहीत नसायचं. गुणगुणायची. आणि मधूनच फटीतून विचारायची...

"बाबा, मेलास की जिंकलास?"

"मेलो गं!"

"परत?" आणि खिदळायची.

हा बापलेकीचा रोजचा खेळ.

त्या आठवड्यात दादाकडे एक गेम आला होता. नाव मुद्दाम लिहीत नाही, शोधत बसू नका. पुढच्या काळातलं शहर, दिव्यांच्या पाट्या, सगळ्यांच्या डोक्यात चिप. एक गुप्तहेर असतो, त्याने स्वतःच्या अर्ध्या आठवणी विकलेल्या असतात. तो बेपत्ता माणसं शोधतो, पण शोधता शोधता खरं काय आणि भास काय, हे त्यालाच कळेनासं होतं.

त्यात एक सोय होती. एक केस संपली की गुप्तहेर घरी जाऊ शकतो. जायलाच पाहिजे असं नाही.

दादा एकदाही घरी गेला नाही.

वेळच नव्हता. या धंद्यात सगळ्यांचे लेख एकाच ठरलेल्या तासाला बाहेर पडतात. त्याआधी लिहिलं तर कंपनी चिडते, नंतर लिहिलं तर कुणी वाचत नाही. म्हणून समीक्षकांचा एक ग्रुप असतो. कोण कुठे अडकलं, कुठलं कुलूप कसं उघडतं, ते एकमेकांना सांगतात. त्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच रडगाणं चालू होतं. गेम झकास आहे, पण घरातला भाग रटाळ. तिथे एक लहान मुलगी आहे, ती नुसती डोक्याला ताप.

दादाने तो भाग पाहिलाच नव्हता. पण दहा जण बोलतात तर खरंच असणार, असं म्हणून त्याने लेखात एक वाक्य ठोकून दिलं.

"घरातली मुलगी म्हणजे चांगल्या कापडाला लावलेलं ठिगळ. काढून टाका, गेम सुसाट पळेल."

वाक्य फक्कड जमलं होतं, म्हणून त्याने ते ग्रुपवरही टाकलं. बाकीच्यांनी आपापल्या लेखात तेच उचललं.

शनिवारी दुपारी सगळे लेख बाहेर पडले. दादा चहा घेऊन वाचायला बसला. कौतुकच कौतुक होतं. आवाज अंगावर येतात, शहर जिवंत वाटतं, तपास डोकं पोखरतो. आणि खाली प्रत्येकाची तीच तक्रार, घरातली मुलगी.

एका लेखात त्या मुलीचं एक वाक्य दिलं होतं. समीक्षकाने लिहिलं होतं, "ती दाराबाहेरून सारखं एकच विचारते आणि वीट आणते..."

'बाबा, मेलास की जिंकलास?'

दादा हसला. म्हणाला, योगायोग.

मग दुसरा लेख उघडला. मुलगी फरशीवर बसून चित्रं काढते...

तिसरा. मुलीच्या एकाच पायात मोजा का आहे, हे गेम कधीच सांगत नाही...

दादाच्या हातातला चहा गार झाला.

दाराबाहेर चिमणी गुणगुणत होती. त्याने गेम लावला आणि पहिल्यांदाच गुप्तहेराला घरी पाठवलं.

जिना. तिसरा मजला. दार उघडलं.

समोर त्याचंच घर होतं. तीच ओल आलेली भिंत. वहिनीने खुंटीवर अडकवलेली तीच छत्री. आणि मागच्या खोलीच्या बंद दाराशी, पाठमोरी... एक मुलगी.

ती वळली नाही.

दादाने हेडफोन काढून फेकला आणि दार उघडलं. चिमणी तिथेच होती. त्याने तिला उचलून छातीशी धरलं. "बाबा, सोड ना, खडू मोडेल," ती म्हणाली.

तिला कडेवर घेऊनच त्याने ग्रुपमधल्या एका मित्राला फोन लावला. त्याला सगळे जाड्या म्हणतात.

"जाड्या, ती गेममधली मुलगी कशी दिसते रे?"

"काय माहीत! पाठमोरीच असते. बरं, पार्टी कधी देतोस? तुझं वाक्य कंपनीने ऐकलं. आत्ताच जाहीर केलंय, समीक्षकांचं म्हणणं मान्य. आज अपडेट येतंय, त्यात मुलीला काढून टाकतायत."

दादाने फोन ठेवला.

त्याने कंपनीला लिहिलं. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत,' असं यंत्राचं उत्तर आलं. मग संपादकाला फोन केला, की माझा लेख मागे घ्या, मी तो भाग खेळलोच नव्हतो.

"हे मोठ्याने बोलू नकोस," संपादक म्हणाले. "आणि छापून आलेलं बदलत नाही आपण. निकाल लागल्यावर पेपर परत तपासायला घेतात का कुणी?"

मग तो लेखाखाली वाचकांना विनवायला लागला. मुलगी चांगली आहे. मुलगी राहू द्या. कंपनीला सांगा रे कुणीतरी.

लोक हसले. "साहेबांची तार सरकली." "एका दुपारीत पलटी?" एकाने तर लिहिलं, "मुलीवर एवढी माया, तर घरी घेऊन जा."

दादाने कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. वायर उपटली. त्याला वाटलं, अपडेट आपल्याकडे आलंच नाही तर काय होणार आहे?

पण गेम काही त्याच्या एकट्याकडे नव्हता.

पहिल्यांदा गुणगुणणं थांबलं.

त्याने वळून पाहिलं. त्याने आत आणून बसवलेली चिमणी पलंगावर चित्र काढत होती. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

मग खडूचा आवाज गेला.

मग... कागदावर रेघ उमटेना. ती जोर देऊन ओढत होती, कागद कोराच.

"चिमणे, इकडे बघ. बाबाकडे बघ."

तिने पाहिलं. काहीतरी विचारलं. त्याला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं ती काय विचारतेय. त्याने फक्त तिचा हात घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. वहिनी आली. दारातच थबकली.

"कुणाशी बोलतोयस?"

दादाने मान वळवून वहिनीकडे पाहिलं. एवढंच... फक्त एकदा मान वळवली.

मूठ रिकामी होती.

वहिनीने दिवा लावला. पलंगावर कोरे कागदही नव्हते. "चिमणी कुठंय?" म्हणून तो घरभर धावत सुटला. कपाटं उघडली. पलंगाखाली शिरला. वहिनी म्हणाली, "असलं करू नकोस रे. आपल्याला मूल नाही, हे मी कसं पचवलंय ते माझं मला माहीत." आणि ती रडायला लागली.

त्या रात्री दादा माझ्याकडे आला. हे सगळं सांगितलं. मग माझे हात धरून म्हणाला, "तू तिची आत्या आहेस गं. तुझ्याकडूनच ती सायकल शिकली. आठव ना. थोडंसं आठव."

मी खूप आठवलं. देवाशपथ सांगते, खूप आठवलं.

काहीच आलं नाही.

मला सायकल चालवता येते, पण मी कधी कुणाला शिकवलेली नाही. आम्हाला वाटलं, गेम खेळून खेळून त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. तिकडे समीक्षकांनी गेमवर पुन्हा लिहिलं. आता कथा बंदिस्त झाली, सुसाट पळते. मार्क वाढले. जाड्याने तर वर्षातला सगळ्यात चांगला गेम म्हटलं.

दादा दर रविवारी यायचा आणि मला चिमणीबद्दल सांगायचा. ती कशी हसायची, झोपेत कशी लाथा मारायची. मी नुसती ऐकायचे. हळूहळू सांगणं कमी झालं. मग तो मध्येच अडखळायला लागला. कधी कधी म्हणायचा, "पुढे काय गं सांगत होतो मी?"

गेल्या रविवारी आला तो एकदम ताजातवाना. पोटभर जेवला, माझी टिंगल केली, जोरजोरात हसला. पूर्वीचा दादा. मला बरं वाटायला हवं होतं.

मी भीत भीत विचारलं, "चिमणीचं काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मनापासून विचार केला.

"कोण चिमणी?"

त्याला खोटं बोलता येत नाही, हे मी सांगितलंच आहे.

तेव्हापासून मला झोप नाही. ती कुणाच्याच आठवणीत उरली नाही. फक्त माझ्याकडे आहे, तीसुद्धा ऐकीव, आणि तिला कधी पाहिल्याचंही मला आठवत नाही. उद्या मीही विसरेन. म्हणून इथे लिहितेय.

गोष्ट आवडली नाही तर खुशाल तसं लिहा. रटाळ म्हणा, खोटी म्हणा, मला शिव्या द्या.

पण हात जोडते... यातली मुलगी नको होती, असं मात्र कुणी लिहू नका.