दोन थेंब जास्त

"आ करा," ती म्हणाली, आणि त्याने मुकाट्याने आ केला.

खरं तर तो दात दाखवायला आलाच नव्हता. मत्स्यालयाच्या दुकानातून तो दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतली समुद्री माशांची टाकी बघायला आला होता. पण आमच्या डॉक्टरीणबाईंना धीर कसला तो ठाऊक नाही. बाकावर माणूस दिसला की उचलून खुर्चीत बसवायचा, हा त्यांचा खाक्या. उजव्या दाढेत कीड सापडल्यावर तो चाचरत म्हणाला, "मी... पाण्यासाठी आलोय. टाकीच्या."

"मग तोंड कशाला उघडलंत?"

"तुम्ही सांगितलंत ना."

ती कानापर्यंत लाल झाली. त्याला मात्र त्यातलं काही दिसल्यासारखं वाटलं नाही.

टाकी तिच्या आत्याची होती, दवाखानाही आत्याचाच. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली, आणि जाताना पेशंट भाचीवर नि टाकीतलं प्रवाळ देवावर सोपवून गेली. कित्येक वर्षं पोटच्या पोरासारखं जपलेलं ते प्रवाळ आता मूठ आवळावी तसं मिटून बसलं होतं. महिनाअखेरीला आत्या परतणार. तिला काय तोंड दाखवायचं, या विचाराने भाचीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"प्रवाळाला लागणारा सोडा पाण्यात कोण घालतं?" त्याने विचारलं.

"मीच. कमी वाटला की एकदम ओतते."

"तिथेच गडबड आहे, डॉक्टर. सोड्याचा आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी प्रवाळ निभावून नेतं. पण तो रोज उड्या मारायला लागला, की ते घाबरतं. रोज थोडं, ठरल्या वेळी, न चुकता..."

"म्हणजे संसारच की."

"असेल. मला अजून अनुभव नाही," तो म्हणाला, आणि 'अजून'वर उगाचच थोडा थांबला.

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. छोट्या बाटलीत टाकीचं पाणी घ्यायचं, ते औषधाने हिरवं करायचं, मग थेंब थेंब दुसरं औषध टाकत लाल होईपर्यंत मोजायचं. थेंब जितके जास्त, तितका पाण्यात सोड्याचा जोर जास्त. बाटली तो तिच्या डोळ्यांसमोर धरायचा. "तुम्ही सांगा, रंग बदलला का?"

जवळ यायचा काय छान बहाणा आहे, तिला वाटायचं. त्याच्या बाहीला समुद्राचा वास यायचा. दातांच्या पांढऱ्याच्या दहा छटा ओळखणारी तिची नजर, पाणी लाल झालेलं तिला तत्क्षणी कळायचं. पण लाल म्हटलं आणि आकडा जुळला, की हा बाटली खिशात घालून कायमचा जाणार...

"अजून हिरवंच," एका संध्याकाळी ती म्हणाली.

त्याने आणखी दोन थेंब टाकले. "जरा जास्तच आहे. सोडा कमी करतो. उद्या पुन्हा बघू."

उद्या आला. परवाही आला. रोज दोन थेंब जास्त, रोज सोडा थोडा कमी. एवढ्याशाने काय होतंय, असं ती मनाला समजावत राहिली.

झालं मात्र. नुकतं कुठे उमलू लागलेलं प्रवाळ पुन्हा मिटलं, आणि त्याची कड पांढरी पडली. त्याने काचेजवळ वाकून ती कड पाहिली.

"माझंच काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "उद्यापासून दुसऱ्याला पाठवतो. आत्याबाईंचं प्रवाळ माझ्या हातून जायला नको."

गप्प राहावं तर प्रवाळ जाणार, खरं बोलावं तर हा. तिने डोळे मिटून घेतले.

"तुमचं नाही चुकलं. पाणी लाल झालं तरी मी हिरवं म्हणत होते... रोज."

"का?"

"लाल म्हटलं की तुम्ही जाल, म्हणून."

तो मटकन पेशंटच्या बाकावर बसला. रागावला असावा असं वाटेपर्यंत हसू लागला. "आणि हे मला कसं दिसलं नाही, ते नाही विचारणार?"

"कसं?"

"मला लाल-हिरवं सारखंच दिसतं. दुकानात बहीण रंग सांगते. इथे म्हटलं, डॉक्टरांची नजर पक्की..."

"मला वाटलं, तो जवळ यायचा बहाणा आहे."

"पहिल्या दिवशी नव्हता," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी परीक्षा नव्याने झाली, अगदी इमानाने. सोडा हळूहळू वाढवत नेला. आत्या परतली तेव्हा प्रवाळ पुरतं नाही, पण अर्धंअधिक उघडलं होतं. आत्याने चष्मा पुसून आधी प्रवाळाकडे पाहिलं, मग या दोघांकडे.

"पाणी ठीक झालंय ना गं? मग हा अजून कशाला येतो?"

"त्याची... दाढ राहिलीय."

"एका दाढेला इतके दिवस? दवाखाना चालवतेस की घर मांडतेस?" असं म्हणत आत्या हसू दाबून आत गेली.

तो तिच्याकडे वाकून हळूच म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही आत्ता लाजलात का? मला रंग कळत नाही. तुम्हालाच सांगावं लागेल."

तिने मान वर केली.

"लाल," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."