मावळलेल्या चंद्राचा फोटो

समोर दिसणाऱ्या वस्तूचा फोटो काढायला कॅमेरा नाही म्हणू शकतो का? मैथिलीच्या घरचा म्हणू शकत होता. तो ठोकळ्याच्या कपाळावर बसवलेला होता, आणि ठोकळा हा फार तत्त्वनिष्ठ यंत्रमानव होता.

पहाटे गुहागरच्या किनाऱ्यावर तांबूस चंद्र समुद्राकडे उतरत होता. त्याच चंद्रावर मैथिलीची आई दुर्बिणी उभारत होती. दर पौर्णिमेच्या आदल्या पहाटे मायलेकींचं ठरलेलं असे : चंद्र पाण्याला टेकला की मैथिलीने त्याचा फोटो काढायचा आणि आईने त्याच क्षणी पृथ्वीच्या कडेचा, जिथे तेव्हा तिला हा किनारा दिसे. उद्या आई चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला जाणार होती, वर्षभरासाठी. तिथून पृथ्वी दिसत नाही. आजचा फोटो चुकवून चालणार नव्हतं.

"टेकला की काढ हं, ठोकळ्या."

"टेकेल तेव्हा तो मावळलेला असेल. नसलेल्या वस्तूंचे फोटो मी काढत नाही."

"दिसत असेल तरी?"

"दिसणं हा तुमचा प्रश्न आहे. माझं गणित पक्कं आहे."

"पक्कंच आहे," आजोबा म्हणाले. त्यांचा सगळा जन्म प्रकाशाचा अभ्यास करण्यात गेला होता. "मीच शिकवलंय. हवेचं तेवढं शिकवायचं राहिलं."

त्यांनी थर्मासच्या पेल्यात एक शिंपला टाकला. "मैथिली, शिंपला दिसेनासा होईपर्यंत मागे सरक."

ती सरकली. शिंपला पेल्याच्या कडेआड गेला. आजोबांनी हळूच पाणी ओतलं, आणि तो पुन्हा दिसू लागला.

"तुम्ही हलवलात," मैथिली म्हणाली.

"तो तिथेच आहे. वळला तो प्रकाश. याला अपवर्तन (एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना प्रकाशाचं वळणं) म्हणतात."

"पण चंद्र कुठे पाण्यात आहे?"

"आपण हवेच्या तळाशी आहोत ना. वरची हवा विरळ, खालची दाट. तिरप्या येणाऱ्या किरणाला ती थोडा थोडा खाली वाकवत आणते. डोळा भोळा. किरण सरळच आला असं तो धरून चालतो, म्हणून चंद्र असतो त्याहून वर दिसतो. खालची कड जास्त उचलली जाते, म्हणून तो असा चेपलेला. टेकलेला दिसतो तेव्हा खरा चंद्र क्षितिजाखाली गेलेला असतो."

मैथिली चटकन चंद्राकडे वळली. "म्हणजे आईसाठी मीसुद्धा पृथ्वीआड गेलेली असते? ती रिकाम्या कडेचाच फोटो काढते?"

"प्रकाश ज्या वाटेने येतो त्याच वाटेने परत जातो, बाळ. तिचा चंद्र आपल्याला दिसतो, तसा आपला किनारा तिला."

चंद्र पाण्याला टेकला.

"हवा धरून पुन्हा गणित केलं," ठोकळा म्हणाला. "वस्तू नाही. पण दिसते." त्याने फोटो काढला.

मैथिली हात हलवत राहिली.

"एवढ्या लांबून हात दिसणार नाही."

"माहीत आहे रे."

शेवटची तांबडी रेघही पाण्यात गेली.

"आजोबा, चंद्राच्या पाठीमागे प्रकाश वाकवायला हवा नाही?"

"नाही. तिथे ते काम माणसांनाच करावं लागेल."

"मग मी तिकडे आकाशात आरसा टांगेन. असा तिरपा. म्हणजे आईला तिथून आपण दिसू."

ठोकळ्याने मान वळवली. "आरसा केवढा?"

"तू सांग."

तो लगेच गणिताला लागला.