व्हीनसची टाळू

“ही तुम्ही हातानं कोरलीत, की यंत्रावर?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून वेरेनानं विचारून टाकलं. तेही शिल्पकार ओस्वाल्डला, त्याच्याच कार्यशाळेत, संग्रहालयाच्या बाईंसमोर. डोलोमाइट डोंगरांतल्या त्या हातकोरक्यांच्या खोऱ्यात यापेक्षा मोठा अपमान नव्हता.

वेरेनाच्या घरचं पोट मात्र यंत्रावरच चालायचं. बाबा नाताळच्या देखाव्यातले लाकडी मेंढपाळ यंत्रावर काढायचे, आणि सहा वर्षांची असल्यापासून ती त्यांच्या टाळूतली नि पायाच्या तळव्यातली भोकं खुंट्या ठोकून बुजवायची.

ओस्वाल्ड हसला. “हातानं. पांढरं अस्तरही मीच चढवतो. फिलोमेना फक्त वरचा रंग देते.”

व्हीनस समोरच होती. जुन्या रोमनांचीच, पण माणसाएवढी, लाकडी, पोपटी अंगाची, कपाळावर पोहण्याचा केशरी चष्मा.

“सोमवारी आमचा माणूस अस्तर खरवडून तपासेलच,” बाई म्हणाल्या. “तसा रिवाज आहे.”

शनिवारी सकाळी व्हीनस कुऱ्हाडीनं फोडलेली सापडली. किल्ल्या दोघांकडेच, ओस्वाल्डकडे आणि फिलोमेनाकाकूंकडे. काकू आदल्या दिवशी त्याच्याशी भांडल्या होत्या. त्यानं तक्रार दिली. काकूंना सोमवारी ठाण्यात हजर राहायचं बोलावणं आलं.

“सोपं आहे,” इर्मा म्हणाली. पैज तिचीच होती. “काकूंनी फोडली. मीही फोडली असती.”

“तू आधी कुऱ्हाड कुठून धरायची ते विचारलं असतंस.”

काकू स्वयंपाकघरात हात धूत होत्या. नखांतला पोपटी रंग निघत नव्हता. “बावीस वर्षं रंगवतेय. पाटीवर माझंही नाव घाल म्हटलं, तर म्हणाला, रंग काय, कुणीही फासेल. भांडले मी. पण त्या पापण्यांना तीन आठवडे लागलेत, पोरी. त्यांच्यावर घाव घालीन?”

कार्यशाळेत ओस्वाल्डनं तुकडे दाखवले. “बघ, बाईचा राग कसा असतो.”

वेरेना आणि इर्मानं जमिनीवर तुकडे जुळवले. चेहरा शाबूत. पापणीसुद्धा खरचटलेली नव्हती. सगळं जुळलं, फक्त टाळू आणि पावलं नव्हती.

“चोरली असतील तिनं,” ओस्वाल्ड म्हणाला आणि शेगडीचं दार पायानं लोटलं.

रविवारी इर्मा वेरेनाकडे जेवायला होती. बाबा जवाच्या सुपात पाव बुडवत होते.

“बाबा, ओस्वाल्डकाका हिवाळ्यात आपल्याकडे कशाला यायचे?”

“गप्पा मारायला. जेव.”

वेरेनानं एक मेंढपाळ टेबलावर आडवा ठेवला. “यंत्र लाकूड दोन टोकांना धरतं. टाळूत एक भोक, तळव्यात एक. व्हीनसचे नेमके तेच तुकडे गायब आहेत. रागावलेला माणूस चेहरा फोडतो. हा चेहऱ्याला शिवलाच नाही, कारण त्याला फक्त भोकं नाहीशी करायची होती.”

“काकूंनीच लपवली असतील,” इर्मा म्हणाली.

“काकूंनी ती भोकं कधी पाहिलीच नव्हती. अस्तर कोण चढवायचं?”

इर्माचा चमचा थांबला. “ओस्वाल्ड. आणि तपासणी सोमवारी.”

“माणसाएवढं लाकूड घेणारं यंत्र खोऱ्यात एकच आहे. आपल्या तळघरात.”

आई उठली आणि तिनं खिडकी लावली.

“शब्द दिला होता मी त्याला,” बाबा म्हणाले. “सगळं खोरं त्याच्या नावावर मिरवतं.”

“आणि काकू?”

“लोक बोलतील चार दिवस,” आई म्हणाली. “म्हातारीला काय फरक पडतो?”

बाबांनी मान वर केली नाही. त्यांना शनिवारीच कळलं होतं, हे वेरेनाला आत्ता दिसलं.

तिनं मेंढपाळ खिशात घातला.

“उद्या मी शाळेत जाणार नाही. काकूंबरोबर ठाण्यात जाणार आहे. यंत्र कुणाचं, असं विचारतील. मी तुमचं नाव सांगणार. आणि भोकं यापुढे तुमची तुम्ही बुजवा.”